अर्थ लागत नाही

माणसाला पैसे द्यायचे ते त्याच्या घामाचे की त्याच्या डोक्याचे, हा प्रश्न तुम्हाआम्हाला सहसा पडत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं: घामाचे. आमच्या मालवणात माडावर चढून नारळ पाडणारा माडामागे पैसे घेतो. सरसर चढतो, कोयत्याचे चार घाव घालतो, उतरतो. ‘मिनिटं किती लागली रे?’ असं त्याला कोणी विचारत नाही. खाली उभं राहून मान वर करताना आपलेच पाय लटपटतात आणि पैसे मुकाट्याने खिशाबाहेर येतात. पंचाईत होते ती ज्याचं काम डोळ्यांना दिसत नाही त्याची.

आमच्या भावोजींच्या गाडीतला स्टिरिओ हे ताजं उदाहरण. गाडी जुनी, स्टिरिओ नवा, मुंबईहून आणून बसवलेला. ‘वस्त्रहरणा’तला मच्छिंद्र कांबळींचा आवाज कानावर पडल्याशिवाय भावोजींना कसालच्या पुढे गाडी हाकता येत नाही. तो सेट एके सकाळी मेला. दिवा नाही, आवाज नाही, खरखरसुद्धा नाही. शेजारी जमले. बॅटरी गेली, असं एकाचं मत. सेटच बोगस, हे दुसऱ्याचं. एका म्हातारीने देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. भावोजींनी तर नऊ हजारांचा नवा सेट मनातल्या मनात घेऊनही टाकला.

मग बाजारातला गाड्यांची वायरिंग करणारा पोरगा आला. वय बावीस-तेवीस, बोलणं त्याहून कमी. त्याने आधी फ्यूज पाहिले, एक गाडीच्या डब्यातला आणि एक सेटच्या पाठीमागचा. दोन्ही शाबूत. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावून पिवळ्या तारेला टोक टेकवलं. दिवा लागला. ही तार कायम जिवंत असते, सेटची आठवण तिच्यावर चालते. लाल तारेला टेकवलं, चावी फिरवली, दिवा लागला. इतकं झाल्यावर त्याने चिमटा पत्र्यावरून काढून सेटच्या काळ्या तारेला लावला आणि पुन्हा पिवळी तपासली. दिवा लागेना.

“तुमचो सेट बरो आसा,” तो म्हणाला. “अर्थ लागणा नाय.”

नव्या कवितांबद्दल हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं होतं, गाडीबद्दल प्रथमच. पण त्यात मोठं तत्त्व आहे. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते. वीज तारेने येते ती पत्र्यातून परत जाते. परतीची वाट बंद झाली की येणंही थांबतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यासारखं आहे हे; परतीचं तिकीट नसेल तर स्वारी मुंबईहून निघतच नाही. इथे ती वाट एका स्क्रूखाली होती आणि खाऱ्या वाऱ्याने तो स्क्रू गंजला होता. समोरच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम महाराजांनी १६६४ साली सुरू केलं, पायाचे दगड शिसं ओतून बसवले, म्हणून तो किल्ला समुद्राला पुरून उरला. गाडीच्या स्क्रूसाठी शिसं कोण ओतणार?

पोरग्याने पॉलिश पेपरने पत्रा घासला, नवा स्क्रू पिळला. कांबळी बोलू लागले. सगळी मिळून दहा मिनिटं. पैसे किती? तीनशे.

“एक स्क्रू पिळूचे तीनशे?” भावोजी कडाडले.

मगाशी नऊ हजार घालवायला निघालेले हेच गृहस्थ! पण त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. दहा मिनिटांना तीनशे म्हणजे तासाला अठराशे झाले. शिवाय ‘मी माझ्या ज्ञानाचे पैसे घेतो’ हे वाक्य ठगही तितक्याच ठसक्यात म्हणतो, गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? मला एवढंच दिसत होतं की ‘सेट गेला’ असं म्हणून नवा सेट गळ्यात मारणं त्या पोराला सहज शक्य होतं, आणि ते त्याने केलं नव्हतं. खरं बोलण्याने त्याचं नुकसान झालं होतं. मी तसं म्हणालो. तोवर तो बिचारा “बरा, दोनशे द्या,” म्हणून मोकळाही झाला होता. ताईने त्याच्या हातावर खाजं ठेवलं, ते त्याने पुडीत बांधून घेतलं.

हा वाद जुनाच आहे. व्हिस्लर नावाच्या चित्रकाराने रस्किन या बड्या टीकाकारावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. १८७८ साली तो लंडनच्या कोर्टात चालला. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता काय, असं समोरच्या वकिलाने विचारलं. दोन दिवसांचे नव्हे, आयुष्यभर कमावलेल्या जाणतेपणाचे, असं व्हिस्लरचं म्हणणं पडलं. खटला तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं वाजलं.

आमचा पोरगा काही कोर्टात गेला नाही. परवा एका डॉक्टरांच्या दारात तो दिसला. रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर अर्धा डॅशबोर्ड मांडून ठेवला होता. स्वतः गाडीखाली आडवा. तासाभराने घाम पुसत बाहेर आला, सगळं होतं तसं बसवलं, स्टिरिओ वाजायला लागला. डॉक्टरांनी हसतमुखाने पाचशेची नोट दिली. “पोरगा कष्टाळू आहे हो,” ते मला म्हणाले आणि पुढचा पेशंट दोन मिनिटांत तपासायला आत गेले.

मी हळूच पोरग्याला विचारलं, “काय बिघडलं होतं रे?”

“फ्यूज,” तो म्हणाला.