पाहुणा येण्याआधीची रांगोळी

मार्च महिना उजाडला की आम्हा शिकागोकरांची दर वर्षी एक पंचाईत होते. भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं, चैत्र लागला, वसंत आला. आणि खिडकीतून बाहेर पाहावं तर ड्राइव्हवेच्या कडेला ढकललेला स्नोचा काळपट ढीग वितळायचं नाव घेत नाही. अशा वेळी गुढी उभारताना मनात एक शंका येते. बाहेर वसंताचा पत्ता नसताना "वसंत आला" म्हणणं हा आपला आनंद, की आपण स्वतःशीच खेळलेला खोटेपणा? ही शंका मला प्रथम सुचली नाही. ती माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारली.

ते २०१८ साल होतं. पाडवा १८ मार्चला, रविवारी आला होता. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात सारा जन्म गेलेला. घरामागे परसू, परसात आळी, मांडव आणि वेल. इथे डिसेंबरात आल्यापासून त्यांना मातीचं दर्शन म्हणून झालं नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसून त्या बाहेरच्या निष्पर्ण झाडांकडे बघत राहायच्या. "ही सगळी मेलेली का गं?" असं त्यांनी मला एकदा विचारलंही होतं.

पाडव्याच्या तयारीने मात्र त्यांच्या अंगात उत्साह संचारला. वेळूची काठी कुठली मिळायला? पडद्याचा जुना रॉड निघाला. खणाचा ब्लाउजपीस त्यांनी बॅगेतून आणलाच होता. आंब्याच्या पानांचं तोरण हिरव्या कागदाचं कापलं. माझ्या मुलीने आइस्क्रीमच्या काडीची आणि कागदी कपाची इवलीशी गुढी केली. साखरेच्या गाठी तर सासूबाईंनी घरीच केल्या. साखरेत थोडं पाणी घालून घट्ट पाक करायचा, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची, तूप लावलेल्या छोट्या वाट्यांतून दोरा सोडायचा आणि त्यावर पाक ओतायचा. पहिला घाणा वाट्यांना असा चिकटला की तो शेवटी चमच्याने खरवडून खावा लागला. दुसरा मात्र सुरेख जमला.

फुलांचा प्रश्न शेजारच्या अमेरिकन आजीबाईंनी सोडवला. त्यांच्या अंगणात फोरसिथियाचं झुडूप आहे. एरवी ते एप्रिलमध्ये फुलतं. पण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये कळ्या धरलेल्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवल्या, की एक ते तीन आठवड्यांत त्या पिवळ्याधमक फुलांनी भरून जातात. दोन-चार फांद्या कापल्याने झुडपाचंही काही बिघडत नाही. आमच्या गुढीला त्या वर्षी फोरसिथियाची माळ होती.

गुढी उभारली. बाहेर बारीक स्नो भुरभुरत होता. तेव्हा मुलीने विचारलं, "आजी, स्प्रिंग कुठे आहे? नसताना आला म्हणायचं म्हणजे ते खोटं नाही का?"

मी काहीतरी सारवासारव करणार होते. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, पाहुणा दारात येऊन उभा राहिल्यावर कोणी रांगोळी काढायला बसतं का? रांगोळी आधीच काढायची असते."

मला हे उत्तर फार आवडलं, आणि पुढे विचार करताना ते अधिकच पटलं. आपली वसंतपंचमीच पाहा ना. ती माघात येते. वसंत ऋतूचे महिने तर चैत्र आणि वैशाख. म्हणजे भारतातसुद्धा आपण वसंताचं स्वागत त्याच्या येण्याच्या कितीतरी आधी करतो. शिवाय आपला पाडवा चंद्रावर चालतो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येतात. २०१८ चा पाडवा १८ मार्चला, तर २०२४ चा ९ एप्रिलला होता. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय पंचांगात चैत्र महिना सूर्याला बांधला आहे, पण आपले सण तिथीनेच चालत राहिले. तिथी म्हणजे थर्मामीटर नव्हे. ती काय आहे ते सांगत नाही, आपण कशाच्या तयारीला लागायचं ते सांगते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत ऋतूंमध्ये मी वसंत असं सांगतात, पण त्याच श्लोकात महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष असंही सांगतात. थंडीचा महिना आणि फुलांचा ऋतू, दोन्ही त्याचेच. तेव्हा बर्फात उभारलेली गुढी खोटी नाही, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

पण वाचकहो, गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं.

पाडव्याच्याच दिवशी सासूबाईंनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत दुधीच्या बिया पेरल्या होत्या. बेसमेंटमध्ये फर्नेसजवळची उबदार जागा त्यांनी स्वतः शोधून काढली. रोपं वर आल्यावर डबे खिडकीत आले. सहा रोपं झाली. त्या रोज त्यांच्याशी बोलत. माझ्याशी बोलत त्यापेक्षा जास्त, असं मी गमतीने नवऱ्याला म्हणायची.

महिन्याभराने, १८ एप्रिलला, अक्षय्य तृतीया आली. या दिवशी परसात आळी करून वेलभाज्यांचं बी लावायचं, ही कोकणातली जुनी रीत. या दिवशी लावलेलं वाया जात नाही अशी श्रद्धा. सकाळीच त्या म्हणाल्या, "आज रोपं बाहेर लावूया."

त्या वर्षीचा एप्रिल फार गार होता. आमच्या भागात दहिवराची भीती साधारण मेच्या मध्यापर्यंत असते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुहूर्तावर लावतोय ना, देव बघेल." आणि मी, कामाला निघण्याच्या घाईत, फटकन म्हणून गेले, "अहो आई, इथल्या थंडीला तिथी कळत नाही."

संध्याकाळी घरी आले तर सहाही रोपं अंगणात लावलेली. गोल आळी, काठाने मातीची नीट थोपटलेली कड, अगदी कोकणातल्यासारखी. रात्री दहिवर पडलं. सकाळी पानं उकडल्यासारखी काळी पडून मातीला चिकटली होती. सासूबाई शाल गुंडाळून अंगणात उभ्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बघा, सांगितलं होतं ना."

त्या काही बोलल्या नाहीत. वाकून एकेक आळं हाताने सपाट केलं आणि आत आल्या.

त्या प्रसंगाचा विचार मी पुष्कळ वर्षं करते आहे. गुढी आणि दुधी, दोन्ही गोष्टी आपण तिथीला धरून केल्या, ऋतूच्या आधी केल्या. मग एक मला बरोबर का वाटते आणि दुसरी चूक का? मला सापडलेलं उत्तर असं. बर्फात गुढी उभारली तर थंडी वाजते ती मला. माझ्या आनंदाची किंमत मीच भरते. पण रोप थंडीत लावलं तर किंमत रोप भरतं. रांगोळी आधी काढावी, पण पाहुणा आलाच असं धरून पानं वाढून ठेवू नयेत. अन्न वाया जातं. आपण साजरा करतो त्या आनंदाचं मोल कोण देतं, हा प्रश्न प्रत्येक परंपरेला विचारायला हवा. त्याने परंपरेचा अपमान होत नाही. उलट कुठली परंपरा जशीच्या तशी न्यायची आणि कुठली थोडी हलवायची, ते त्यातूनच कळतं. ऋतू हा शब्द आणि वेदांतला ऋत हा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. ऋत म्हणजे सृष्टीची व्यवस्था. जिथे आपण राहतो तिथल्या मातीची व्यवस्था मोडून पाळलेला मुहूर्त मला तरी त्या ऋताशी इमान राखणारा वाटत नाही.

हा प्रश्न मी मग स्वतःलाही विचारला, आणि तो गैरसोयीचा निघाला. सणाची साफसफाई म्हणून मी दर वर्षी पाडव्याच्या सुमारास अंगणातला सगळा पालापाचोळा झाडून पिशव्यांत भरून टाकत असे. नंतर कळलं की त्याच पाचोळ्यात कित्येक फुलपाखरांचे आणि पतंगांचे कोश हिवाळा काढतात, आणि वाळक्या पोकळ देठांत इथल्या रानमाश्या झोपलेल्या असतात. माझं अंगण पाडव्याला लख्ख दिसावं म्हणून मी दुसऱ्या कोणाचा वसंत पिशवीत भरून कचऱ्यात देत होते. आता मी दिवसाचं तापमान सलग पन्नास फॅरनहाइटच्या वर जाईपर्यंत थांबते. उंबरठा स्वच्छ असतो, अंगण जरा उशिरा होतं. गुढीला त्याची काही अडचण नसावी.

मुलांच्या बाबतीतही मला हे लागू वाटतं. त्यांना आपण कधी कधी आपल्या मुहूर्तावर बाहेर लावतो. श्लोक पाठ झाला नाही तोच पाहुण्यांसमोर उभं करतो, आणि पोर गप्प राहिलं की आपलाच चेहरा पडतो. उलट सतत घरातच वाढवलेली रोपंही बरी नव्हेत. पुरेसं ऊन न मिळाल्याने ती लांबुडकी आणि लेचीपेची होतात. म्हणून बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस त्यांना रोज थोडं थोडं बाहेर ठेवायचं, आधी तासभर सावलीत, मग जरा जास्त. बाहेरच्या हवेची सवय हळूहळूच होते. परक्या देशात येऊन पडलेल्या वयस्क माणसांचंही तेच, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही. चार महिने काचेआड बसलेल्या बाईला मातीत हात घालायची किती ओढ लागली असेल! मला दहिवर दिसलं, ती ओढ दिसली नाही. थंडीबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असण्याचा मी काठीसारखा उपयोग केला. तीही किंमत मी भरली नव्हती, त्यांनी भरली होती.

सासूबाई माझ्यापेक्षा मोठ्या मनाच्या. आठवडाभराने त्यांनी उरलेल्या बिया पुन्हा डब्यांत पेरल्या आणि मेअखेरपर्यंत घरातच ठेवल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या मंडळाचा पाडवा शनिवारी होतो. तुमच्या सोयीसाठी तिथी हलते, मग माझ्या दुधीसाठी थोडी हलली तर काय बिघडलं?" मी हसले. त्याही हसल्या. पण "चुकलं माझं" असं मी म्हणाले नाही. जूनमध्ये त्या परत गेल्या तेव्हा वेल गुडघ्याएवढा झाला होता. ऑगस्टमध्ये पहिला दुधी निघाला. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "भाजी केलीस की हलवा?"

२०२१ साली त्या गेल्या. करोनामुळे आम्हाला जाता आलं नाही. निरोप व्हिडिओ कॉलवर घेतला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता आमच्या घरी अशी पद्धत पडली आहे. पाडव्याला ट्रेमध्ये मेथी पेरायची. ती खिडकीतही येते आणि तिला गारवा सोसतो. जमीन मोकळी झाली की मटार थेट बाहेर. आणि दुधी अक्षय्य तृतीयेला, पण घरात, दह्याच्या डब्यात. ही तिथी एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी येते, आणि वेलभाज्यांचं बी घरात लावायला आमच्याकडे नेमका तोच काळ योग्य. मेमोरियल डेच्या सुमारास रोपं बाहेर जातात. सासूबाईंची तिथीही चुकत नाही आणि इथली मातीही दुखावत नाही. दोघांचं जमत होतं. जमवायला हवं होतं ते मी, त्याच वर्षी, फटकन बोलण्याऐवजी दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसून.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या पाडव्याला तिने गॅरेजच्या फरशीवर खडूने चैत्रांगण काढलं. पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, गोपद्मं, कासव. बाहेर पाऊस-बर्फाचं मिश्रण पडत होतं. तिने एका कोपऱ्यात दह्याचा डबाही काढला. मी विचारलं, हे कुठलं चिन्ह? ती म्हणाली, "आजीचं."

आपणा सर्वांना नववर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आपल्या घरी या दिवसांत कोणाची आई, कोणाचे वडील देशाहून आले असतील, तर बाहेर बर्फ असला तरी त्यांच्या हाती एक डबा माती आणि चार बिया जरूर द्या.