माघार घेणारा शूर

शूर कोणाला म्हणावे? जो घाबरत नाही तो शूर, असे आपण सहज बोलून जातो. ख्रिस्तसभा मात्र धैर्य ह्या सद्गुणाला कधी एकटे सोडत नाही. सुज्ञता, न्याय व संयम ही त्याची भावंडे आहेत. ती सोबत नसली की धैर्याचे नुसते धाडस होते. ऑस्ट्रियाचे मोटार शर्यतपटू निकी लाउडा यांच्या आयुष्यातले एक वर्ष ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

लाउडा १९७५ साली फेरारी संघाकडून फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. पुढच्या वर्षी जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे शर्यत होती. सुमारे २३ किलोमीटरचा तो डोंगरातला मार्ग. अपघात झालाच तर मदत पोहोचायला वेळ लागे. तेथे धावू नये, असे लाउडा यांनी इतर चालकांना सुचवले. पण बहुमत विरुद्ध गेले. १ ऑगस्ट १९७६ रोजी त्याच मार्गावर त्यांची मोटार धडकून पेटली. मागून आलेल्या चार चालकांनी त्यांना ज्वाळांतून बाहेर ओढले. जीव वाचण्याची आशा इतकी कमी होती की रुग्णालयात धर्मगुरूंनी त्यांना अखेरचा अभ्यंग दिला.

सहा आठवड्यांनी, जखमा ओल्या असतानाच, ते इटलीत मोंझा येथे धावले व चौथे आले. जगाने तोंडात बोटे घातली. २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे वर्षाची शेवटची शर्यत होती. लाउडा तीन गुणांनी पुढे होते. पावसाने मार्गावर पाणी साचले होते, पुढचे दिसत नव्हते. दोन फेऱ्या होताच त्यांनी मोटार बाजूला घेतली. जेम्स हंट तिसरे आले आणि एका गुणाने जगज्जेतेपद घेऊन गेले. इंजिन बिघडले असे जाहीर करू, असे संघाच्या अभियंत्याने सुचवले होते. लाउडा यांनी ते नाकारले. आपण स्वतःहून थांबलो हे त्यांनी लपवले नाही.

मग शूर लाउडा कोणते, मोंझाचे की फुजीचे? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. संकट कोणत्या चांगल्या गोष्टीसाठी पत्करले, ह्यावर धैर्याचे मोल ठरते. आगीत शिरलेल्या त्या चार चालकांनीही जीव धोक्यात घातला. पण तो एका माणसाच्या प्राणासाठी. फुजीच्या पावसात पणाला लागला असता तो केवळ एक किताब. प्रभू येशूने मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्यास नकार दिला, पण क्रूस नाकारला नाही. जीव देणे आणि जीव उधळणे ह्यांतला फरक त्याने आपल्या आचरणाने दाखवला.

लाउडा यांना आम्ही संत ठरवत नाही. मोंझाला इतक्या लवकर परतणे योग्य होते का, ह्यावर दुमत होऊ शकेल. पण ते भित्रे खासच नव्हते. १९७७ व १९८४ साली ते पुन्हा जगज्जेते झाले. २०१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वेगाच्या हौसेपायी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, अशी ख्रिस्तसभेची स्पष्ट शिकवण आहे. आपल्या तरुणांना ती ठाऊक नसते असे नाही. मोटारसायकलवर बसल्यावर शिकवणुकीपेक्षा जवळचा आवाज मित्राचा असतो : "काय रे, घाबरलास?" त्या प्रश्नाला "हो" म्हणायला जे बळ लागते, ते घरातच मिळायला हवे. आपला मुलगा "मला भीती वाटली, म्हणून मी थांबलो" असे सांगत घरी आला, तर आपण त्याला हसतो की जवळ घेतो? ह्या रविवारी प्रत्येक आईवडिलांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.