जबाब कोणी द्यायचा?

आपल्या बऱ्हाणपूर भागात भाषेची सरमिसळ जुनी आहे. एके काळी हे शहर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे होते, त्यामुळे फारसीच्या वाटेने आलेले शब्द आपल्या मराठीत आणि शेजारच्या हिंदीत सारखेच रुळले. ‘विमा’ हा त्यातलाच एक शब्द; ‘जबाबदारी’ हा दुसरा. मोटारींची संख्या वाढली तसे हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. ‘विमा आहे ना, मग काळजी कशाची?’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर ‘मग जबाबदारी कशाची?’ असेच म्हणायचे असते. विम्याने पैसा दुसऱ्याच्या खिशातून येतो हे खरे. पण केलेल्या कृत्याचा जबाबही दुसऱ्यानेच द्यावा काय?

प्रश्न मोठ्या अपघातांचा नाही. तिथे पोलीस येतात, पंचनामा होतो, दावा न्यायाधिकरणापुढे जातो. माणसाची खरी परीक्षा होते ती उभ्या वाहनांच्या गर्दीत. गाडी मागे घेताना दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागतो, काच तडकते, पत्रा चेपतो आणि मालक जवळपास नसतो. इंदूर–इच्छापूर मार्गावरच्या आपल्या निंबोल्यासारख्या गावात बांधीव वाहनतळ कुठला? लग्नसराईत मांडवाशेजारचे कापणी झालेले शेत हाच वाहनतळ.

काही वर्षांपूर्वी निंबोल्यात आमच्या नात्यातले एक लग्न होते. अशाच शेतात एका सतरा वर्षांच्या मुलाने हौसेने जीप मागे घेतली आणि स्टँडवर लावलेली मोटारसायकल पाडली. हँडल वाकले, हेडलाइट फुटला, टाकी चेपली. ती गाडी शेजारच्या गावच्या एका दूधवाल्याची होती. कॅन बांधून तो रोज पहाटे त्याच गाडीवर रतीब घालायला निघत असे. मी पाहिले, आणखी दोघा-तिघांनी पाहिले.

मग वडीलधाऱ्यांची बैठक बसली. एक म्हणाले, “गर्दी आहे, कोणाला कळणार? जीप दुसरीकडे लावा.” दुसरे म्हणाले, “चार-पाचशे रुपये हातावर ठेवा आणि मिटवून टाका.” तिसरा सल्ला सर्वांत शहाणपणाचा वाटला. विम्याचा दावा करायचा, मात्र जीप मुलाचे काका चालवीत होते असे लिहायचे; त्यांच्याकडे लायसन्स होते. जीपच्या बंपरचेही काम होऊन जाईल. “ह्यात कुणाचं काय जातं? कंपनी भरेल!” साक्षीदार म्हणून सही मात्र माझी हवी होती.

मी म्हटले, सही करतो, पण पाहिले तेच लिहीन. तेवढ्यावर तो बेत मोडला. मुलाच्या वडिलांनी दुरुस्तीचा सगळा खर्च पदरचा दिला आणि पुढे दोन दिवाळ्या ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला अगदीच चुकीचा वाटत नाही. त्यांची बाजू अशी, की वर्षानुवर्षे हप्ता भरतो आम्ही, आणि दावा केला की सर्व्हेअर येऊन घसारा कापतो, कागदांसाठी खेटे घालायला लावतो. मग थोडे इकडचे तिकडे केले तर पाप कसले?

ह्या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवे. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. कंपनीने टाळाटाळ केली तर तीही सचोटी मोडते आणि तिला ग्राहक आयोगापुढे खेचता येते. पण ‘कंपनीचे पैसे’ असे काही वेगळे नसते. ती हप्ते भरणाऱ्यांची सामाईक पेटी आहे. त्या पेटीत निंबोल्यातल्या केळीवाल्याचा ट्रक आहे, तसा त्या दूधवाल्याच्या मोटारसायकलचा हप्ताही आहे.

शिवाय कायदा आपण समजतो तितका आंधळा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा ठेवला, तो गाडीमालकाच्या सोयीसाठी नव्हे, तर ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी. अपघात ‘सार्वजनिक जागी’ झाला पाहिजे, ही त्यातली अट. शेतातला धक्का मग कशात बसवायचा? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सांगितले, की जागा खासगी मालकीची असली तरी लोकांना तिथे मोकळा वा नियंत्रित प्रवेश असेल, तर ती ह्या कामापुरती सार्वजनिकच. आपला जिल्हा त्या न्यायालयाच्या कक्षेत नाही, तरी विचार पटण्यासारखा आहे. चालकाकडे लायसन्स नसले तरी भरपाईसाठी तिऱ्हाइताला ताटकळत ठेवू नये, कंपनीने आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात दाखवली. म्हणजे ते खोटे दूधवाल्यासाठी नव्हतेच. ते होते मालकाचा खिसा वाचवण्यासाठी.

‘वाहने मालकाच्या जोखमीवर’ ही पाटीही आपल्या ओळखीची. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली नोकराच्या हाती किल्ली दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. त्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की किल्ली ताब्यात घेतलेल्या हॉटेलला अशा पाटीआड लपून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही. हे प्रकरण चोरीचे, धक्क्याचे नव्हे. तत्त्व मात्र आपल्या कामाचे आहे. पाटी लावून किंवा हप्ता भरून काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही.

तरीही माझ्या मनात सर्वांत मोठा प्रश्न पैशाचा नव्हता, त्या मुलाचा होता. धक्का आपण दिला आणि कागदावर नाव काकांचे आले, एवढे त्या वयात एकदा पाहिले, की पुढच्या आयुष्यात प्रत्येक धक्क्याच्या वेळी तो एखादा काका शोधणार. घरातली सगळी मोठी माणसे त्याला हेच शिकवायला निघाली होती, आणि तेही त्याच्यावरच्या मायेपोटी.

विमा जरूर काढावा. एका घरावर आलेले नुकसान हजार घरांनी वाटून घेणे, ही माणसाने शोधलेली फार चांगली सोय आहे. पण वाटून घेता येते ते नुकसान. दूधवाल्याच्या दारात जाऊन ‘गाडी मी पाडली’ हे वाक्य कोणतीही कंपनी आपल्या वतीने बोलू शकत नाही. मालक जागेवर नसेल, तर त्याच्या सीटखाली नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवायला कुठल्या कलमाची वाट पाहावी लागत नाही. ती चिठ्ठी मराठीत लिहावी की हिंदीत, एवढाच प्रश्न आपल्या भागात उरावा.