दाखले चुलीत, पाऊल काशीकडे

हातातली भाकर सोडून अनिश्चिताच्या मागे जाणे, हा धर्म की पळवाट? पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी हा प्रश्न अंगावर घेतला. बडोद्यात आईच्या देखत त्यांनी शिक्षणाचे दाखले चुलीत टाकले. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला.

पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबा बजावतात की स्वधर्म शोधत हिंडावे लागत नाही आणि अर्जुनाला सुचलेला संन्यास मोहातून आला होता. दाखले जाळणाऱ्याने हे सांगावे? होय, त्यालाच तो अधिकार. समोरचे काम भिऊन सोडले तर मोह; दुसरे काम जीव ओढून घेते म्हणून सोडले तर स्वधर्म. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हीच खरी अडचण.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख मात्र सुरक्षित वाट निष्ठेने चालले. आयसीएस, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

तरीही 1956 मध्ये, मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात असताना, त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला.