इदेनु?

मैंदर्गीत मामांच्या ओट्यावर बसून मी त्यांना फोनवर एक चित्र दाखवलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, फोन लांब धरला, आडवा केला, पुन्हा उभा केला. मग विचारलं, "इदेनु?" आमच्याकडं घरात कन्नड आणि शाळेत मराठी, त्यामुळं प्रश्न पोटातून आला की तो कन्नडमध्येच येतो. हे काय आहे?

चित्र वासुदेव गायतोंडे यांचं. 1979 मधलं, बिननावाचं. 19 डिसेंबर 2013 ला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीजनं भारतातला आपला पहिला लिलाव केला, त्यात ते 23 कोटी 70 लाखांना गेलं. लिलावाआधीचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता. मामांचा जन्म आडतीवर गेलेला. 2024-25 च्या हंगामातला तुरीचा हमीभाव, क्विंटलला 7550, धरून त्यांनी तोंडी भागाकार केला. "एकतीस हजार क्विंटलच्या वर," म्हणाले आणि चित्राकडं पुन्हा बघायला लागले.

अशा वेळी द्यायचं एक ठरलेलं उत्तर आहे. हे समजून घ्यायचं नसतं, अनुभवायचं असतं. प्रदर्शनाच्या उद्घाटनात हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि विचारणारा ओशाळून गप्प बसतो. मला ते उत्तर लबाडीचं वाटतं. मामा तूर कशी बघतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची, तळहातावर पसरून फुंकर मारायची, मातेरं उडालं की एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटला तर माल वाळलेला, दबला तर हवा आहे. अनुभव म्हणतात तो हाच, पण त्यात चौकशी आहे. काय आहे, कुठून आलंय, कसं तयार झालंय, सगळं विचारून घेतलेलं आहे.

मग मी मामांना चित्र कसं झालं ते सांगितलं. गायतोंडे रंग रोलरनं आणि सुरीनं पसरायचे. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ठेवायचे आणि उचलायचे. कागद चित्रात राहत नाही. त्याच्याबरोबर किती रंग गेला आणि किती मागं राहिला, तेवढं राहतं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. 1964 मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तिथं अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोला भेटले. पण आकार सोडून देणं त्याच्या काही वर्षं आधीच सुरू झालं होतं, त्यामुळं सगळं श्रेय अमेरिकेला द्यायचं कारण नाही. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत.

मामा म्हणाले, "शेंदरासारखं म्हण की." मी चपापलो, कारण मला ते सुचलं नव्हतं. बांधावरच्या तांदळ्याला नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चढतो, दगड दिसेनासा होतो, कधी खोळ आपोआप सुटून पडते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर 2022 मध्ये उतरवला, तेव्हा आतलं रूप बघून लोक थक्क झाले. पण त्याआधी लोक काय पुढं रूप नाही म्हणून हात न जोडता परतत होते? तांदळ्यापुढं उभं राहून 'इदेनु' कुणी विचारत नाही. म्हणजे आकार नसलेल्या गोष्टीकडं बघायची सवय आम्हाला आहे. ती चौकटीत बसवून विकायला काढली की आम्ही अडतो.

मी फोनवर दुसरं चित्र काढलं. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा', 1954 मधलं. माणूस आमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्राला 118 कोटी आले. मामांनी एक नजर टाकली. "बैलगाडी हाय की," म्हणाले आणि फोन परत दिला. पाच सेकंदही लागले नाहीत. हुसेनवर हा अन्याय आहे, त्या चित्रात गाडीपलीकडं पुष्कळ आहे. पण ओळख पटली आणि बघणं संपलं, हे मी समोर पाहिलं. गायतोंड्यांचं चित्र मात्र मामांनी मघाशी तीनदा फिरवून बघितलं होतं.

भाव कसा ठरतो, हे त्यांना पुढं विचारायचं होतंच. पूर्वी आडतीवर रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा व्हायचा. बघणाऱ्याला आकडा कळायचा नाही. नंतर उघड लिलाव आला. चित्रांच्या लिलावात हात उघड वर होतात, पण मालकानं ठरवलेला किमान आकडा झाकलेलाच असतो. वर बोलीच्या रकमेवर लिलाववाले घेणाऱ्याकडूनही पैसे घेतात. "म्हणजे आडतच," मामा म्हणाले. आणि ज्यानं पिकवलं त्याला काय?

त्याला काही नाही. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत राहिले आणि 2001 मध्ये गेले. त्यांच्या चित्राचा तो लिलाव त्यानंतर बारा वर्षांनी झाला. खरं तर आपल्या कॉपीराइट कायद्यात 53अ हे कलम आहे. मूळ चित्र दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. लिलावाच्या बातम्या मी हौसेनं वाचतो. त्यांत या वाट्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही. उलट चित्रकाराच्या ध्यानाचा, शून्याचा, मौनाचा उल्लेख परिच्छेद भरून असतो. जो माणूस कमी बोलायचा त्याचं न बोलणंही मालाच्या वर्णनात लागलं.

मामांचं लक्ष आता दुसरीकडं होतं. "घेणारा हे भिंतीला लावतो का?"

लावतात काही जण. काही जण ठेवून देतात. जिनिव्हासारख्या ठिकाणी करमुक्त गोदामं आहेत, तिथं चित्रं पेट्यांत वर्षानुवर्षं राहतात, मालक बदलतात पण पेटी हलत नाही.

"थप्पी लावतात होय," मामा म्हणाले. ही गोष्ट त्यांना लगेच कळली. भाव येईपर्यंत तूर ठेवणारे त्यांनी ढिगानं पाहिलेत, बुडालेलेही. "तुरीला भुंगा लागतो. ह्याला काय लागतं?"

बुरशी, मी म्हणालो. दमट हवेत.

त्यांनी फोन पुन्हा मागून घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एका कोपऱ्यात जिथं कागद उचलल्याची खूण होती तिथं डोळे बारीक करून बघत राहिले.

"मग मधनं मधनं काढून बघावं लागत असंल," ते म्हणाले.