परक्या पाट्यांची जीप आणि अवयवीचा प्रश्न

महिंद्रा कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली, आणि त्या वंशातल्या जुन्या जीप पुण्यात आजही पुन्हा उभ्या केल्या जातात. मात्र मूळ सुटे भाग दुर्मीळ झाल्याने नाना पेठेतल्या दुकानांतून किंवा जुन्या बाजारातून मिळालेले दुसऱ्याच गाडीचे पाटे, म्हणजे आस आणि चासी यांच्यामध्ये राहून भार व धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, त्यांच्याखाली बसवावे लागतात. अशी जीप तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला दाखवतो, की आस, चाके, सांगाडा यांपैकी काहीही रथ नाही आणि त्यांच्यापलीकडेही रथ नाही. ‘रथ’ हे अवयवांच्या आधाराने चालणारे केवळ व्यवहारातले नाव आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर उत्पन्न होतो. अवयव हे त्याचे समवायी कारण, त्या अवयवांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण आणि जोडणारा कर्ता हे निमित्त कारण होय. अवयवीच्या अस्तित्वाचा एक पुरावा न्यायसूत्रात धारण-आकर्षण असा दिला आहे: एक भाग धरला वा ओढला की सगळी वस्तू धरली वा ओढली जाते. भाष्यकार वात्स्यायनाने मात्र इथे मोठ्या प्रामाणिकपणे शंका काढली, की लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एकत्र ओढले जातात, पण त्यामुळे त्यांचा एक अवयवी होत नाही.

ही शंका पुण्यातल्या गॅरेजमध्ये अक्षरशः खरी ठरते. रुंद पाट्यांसाठी चासीवर नवे हँगर वेल्डिंगने जोडले, आसावरील बैठक बदलली आणि पाटे आसाला बांधणारे यू-बोल्ट आवळले, की धारण-आकर्षण साधते. गाडी ओढली तर आसही येतो. पण इतर मापे तीच असताना पाट्याचा ताठपणा रुंदीच्या समप्रमाणात, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जाडी सव्वापट झाली की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो आणि जुन्या पाट्यांसाठी केलेले शॉकॲब्सॉर्बर त्याच्या उसळीला पुरे पडत नाहीत. शॅकल, म्हणजे पाटा लांबताना झुलणारी कडी, चुकीच्या कोनात राहिली तर पाटा अडतो. पुढचा आस किंचित कलला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. आणि स्टिअरिंगचा दांडा व आस वेगवेगळ्या कमानींत हलू लागले तर खड्ड्यात चाक चालकाने न वळवताच वळते. अशी जीप म्हणजे लाखेने चिकटवलेले लाकूडच होय.

यावरून असे म्हणावेसे वाटते, की भाग मुळात कोणत्या गाडीचा होता हा प्रश्न गौण आहे आणि नुसते चिकटणेही पुरेसे नाही. एका चाकाला बसलेला धक्का सर्व भागांनी मिळून एकच क्रिया म्हणून पेलला, तरच तिथे अवयवी आहे. नागसेनाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही, पण चांगली आणि वाईट जोडणी यांतला भेद त्याच्या युक्तिवादात दिसत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाचा जीव नेमका त्या भेदावर अवलंबून असतो.

कायदा वेगळी वाट धरतो. गाडीची ओळख तो चासीवर कोरलेल्या क्रमांकाशी बांधतो, आणि मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मज्जाव करतो. नैयायिक मात्र सांगतील, की अवयव बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न झाला, आणि ‘तीच ही जीप’ ही प्रतीती केवळ सादृश्यामुळे होते. त्यांच्याच मते असमवायी कारणाचा नाश झाला की कार्यही नष्ट होते. निमित्त कारणाचे तसे नाही: घडा भाजून झाल्यावर कुंभाराची गरज उरत नाही. परंतु नव्या पाट्यांचे यू-बोल्ट गाडी काही अंतर धावल्यावर सैल पडतात, म्हणून ते पुन्हा आवळेपर्यंत जोडणाऱ्याचे काम संपलेले नसते.