फ्रँक ग्राइम्सची येणे बाकी

कॉमर्सच्या पदवीने मला नोकरी दिली आणि सोबत एक अंधश्रद्धाही दिली. ती अशी की, डावी बाजू आणि उजवी बाजू शेवटी जुळतेच. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री आठपर्यंत बसू, पण ते दहा रुपये शोधून काढू. मग जगाचेही तसेच असणार, नाही का? एका बाजूला कष्ट मांडले, की दुसऱ्या बाजूला तेवढे सुख पडायलाच हवे.

या श्रद्धेला सुरुंग लावला तो कुणा तत्त्वज्ञाने नव्हे, तर एका अमेरिकन कार्टूनने. 'द सिम्पसन्स' ही मालिका तिकडे १९८९ साली सुरू झाली. तिचा नायक होमर सिम्पसन अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक आहे. खादाड, आळशी, ड्यूटीवर बिनधास्त घोरणारा. असा प्राणी प्रत्येक ऑफिसात एक असतोच, आणि निवृत्तीच्या दिवशी सर्वांत जाडजूड हार त्यालाच पडतो!

मालिकेचे तेव्हाचे निर्माते बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांना एक खोडसाळ प्रश्न पडला. होमरच्या शेजारी खऱ्या जगातला, सरळमार्गी, कष्टाळू माणूस आणून बसवला तर? जॉन स्वार्ट्झवेल्डरने त्यावर 'होमर्स एनिमी' हा भाग लिहिला आणि ४ मे १९९७ रोजी तो दाखवला गेला. तो माणूस म्हणजे फ्रँक ग्राइम्स. लहानपणी आईबापांनी टाकलेला, पोस्टाने शिकून अणुशास्त्राची पदविका मिळवलेला, आणि राहतो कुठे, तर खाली एक बोलिंगचा अड्डा, वर दुसरा, मधल्या खोलीत. त्याचा चेहरा बेतला 'फॉलिंग डाउन' सिनेमातल्या मायकेल डग्लसवर, आणि हँक अझारियाने आवाज देताना विल्यम मेसी हा नट डोळ्यांपुढे ठेवला.

आता पडद्यामागची खरी गंमत ऐका. होमरवरून ग्राइम्सचा तिळपापड होतो तेव्हा त्याला 'जाऊ द्या हो' म्हणून समजावणाऱ्यांत कार्ल हा सहकारी आहे. त्या काळी कार्लचा आवाजही अझारियाचाच! म्हणजे जळणारा आणि समजूत घालणारा, दोघे एकाच गळ्यातून बोलत होते. मला यात काही नवल वाटले नाही. बढतीची यादी लागते त्या दिवशी माझ्याही गळ्यातून हे दोघे आळीपाळीने बोलतात.

पुढे काय होते? होमर चुकून ॲसिड पिणार, तेवढ्यात ग्राइम्स ते उडवून त्याचा जीव वाचवतो. ॲसिडने भिंत वितळते, आणि मालक बर्न्स पगार कापतो ग्राइम्सचा. होमरचे घर, बायकामुले, ताटातला लॉबस्टर पाहून बिचाऱ्याचे डोके फिरते. शेवटी होमरची नक्कल करत तो मोज्यांशिवाय विजेच्या तारा धरतो आणि संपतो. त्याच्या अंत्यविधीला होमर झोपेत बरळतो आणि जमलेली मंडळी हसतात. हा शेवट सुरुवातीला पुष्कळ प्रेक्षकांना झोंबला, असे पुढे वाइनस्टाइननेच सांगितले. झोंबणारच. वर्षभर घासून परीक्षा द्यावी आणि पेपरच रद्द व्हावा, तसे ते झाले.

मग ग्राइम्सचे चुकले कुठे? माझ्या मते त्याची बेरीज शंभर टक्के बरोबर होती. फक्त तो वसुलीला चुकीच्या खिडकीवर उभा राहिला. होमरने त्याचे काय घेतले होते? काहीच नाही. उलट बापड्याने त्याला घरी जेवायला बोलावले. ग्राइम्सचा देणेकरी होता बर्न्स. त्यानेच टीव्हीवर ग्राइम्सची कष्टाची कहाणी पाहून आधी त्याला मोठे पद द्यायचे ठरवले, आणि मग टीव्हीवरच एक शूर कुत्रा पाहून ते पद कुत्र्याला दिले! पण ग्राइम्स भांडला कुणाशी, तर शेजारच्या टेबलाशी. आपण तरी वेगळे काय करतो? यादीवर सही होते वरच्या मजल्यावर आणि अबोला धरतो तो ज्याचे नाव आले त्याच्याशी. वरच्या मजल्यावर जायला जिना चढावा लागतो. शेजारी कसा हाताशी असतो.

तरीही ग्राइम्सला मूर्ख ठरवून मोकळे व्हायला माझे मन तयार नाही. कारण त्या काळी हा होमर पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंगवला जायचा आणि ते काम बव्हंशी दक्षिण कोरियात चालायचे. एकेक भाग तयार व्हायला कित्येक महिने लागत. आता विचार करा, होमरने खुर्चीत एक डुलकी काढावी म्हणून कितीजणांनी माना मोडून चित्रे रंगवली असतील! रंग रेषेबाहेर गेला तर चालत नव्हते, तारीख चुकली तर मुळीच नाही. एका आळशी माणसाचे सुख जगाला दाखवायला एवढे फ्रँक ग्राइम्स राबत होते.

तेव्हा दोन्ही बाजू जुळतात या श्रद्धेत मी आता थोडी दुरुस्ती केली आहे. जुळत असतील, पण एकाच माणसाच्या खात्यात जुळतीलच असे नाही. माझ्या कष्टांची जमा कुणाच्या तरी डुलकीत पडत असेल. आणि खरे सांगायचे तर माझ्या दुपारच्या डुलकीचा खर्चही कुणीतरी, मला न विचारता, आपल्या खात्यातून भरत असणार. तो कोण, ते एकदा शोधले पाहिजे. दहा रुपयांसाठी आठपर्यंत बसतो, तर एवढ्यासाठी थोडे बसायला काय हरकत आहे?